‘नव्वद टक्के झालंय’ म्हणणाऱ्या प्रकल्पाचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १४ शाखांची एक नागरी सहकारी बँक. जुनं सॉफ्टवेअर काढून नवी कोअर बँकिंग प्रणाली (सगळ्या शाखांची खाती आणि व्यवहार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवायचं काम दीड वर्षापूर्वी सुरू झालं आणि आता आठ महिने मागे पडलंय. व्हेंडर, म्हणजे सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी, गेले तीन महिने ‘नव्वद टक्के झालंय’ म्हणतोय. अध्यक्षांनी वार्षिक सभेत १ एप्रिल ही तारीख जाहीर करून टाकली. प्रश्न विचारणारे बँकेच्या आयटी विभागात आहेत. त्यांना ‘प्रकल्प समन्वयक’ केलंय, अधिकार मात्र कुठलेच नाहीत. उरलेलं दहा टक्के काम वेळेत उरकण्यासाठी व्यवस्थापनाची कुठली पद्धत वापरावी, असं त्यांनी विचारलंय.

मी बावीस वर्षं याच कामात आहे. आधी व्हेंडरच्या बाजूने होतो, गेली बारा-तेरा वर्षं बँकांच्या बाजूने. म्हणजे ‘नव्वद टक्के’ हे वाक्य मी स्वतःही बऱ्याच बैठकांत बोललेलो आहे. त्यामुळे ते किती पोकळ असतं ते मला माहीत आहे.

पद्धतीचं तूर्त राहू द्या. अजाइल म्हणा, टप्प्याटप्प्याने म्हणा, तुमची अडचण तिथे नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून दिसतं ते असं की, बदलाच्या शनिवार-रविवारनंतर सोमवारी सकाळी १४ शाखा नव्या प्रणालीवर उघडता येतील की नाही, हे तुमच्या बँकेत आज कोणीच पुराव्यानिशी सांगू शकत नाही. आणि ‘नाही’ असं उत्तर आलं तर काम थांबवायचा अधिकार कोणाकडे आहे, हेही कुठे लिहिलेलं नाही. ही दोन कोडी सुटली की तारीख आपोआप ठरेल. ती सुटली नाहीत तर कितीही सुंदर गँट चार्ट (कामांच्या वेळापत्रकाचा तक्ता) काढा, त्याचा उपयोग भिंतीवर लावण्यापुरताच.

नव्वद टक्के म्हणजे कशाचे, हे आधी व्हेंडरला विचारा. बहुतेक वेळा ते पडद्यांचे असतात: खातं उघडायचा पडदा झाला, कर्जाचा झाला, लॉकरचा झाला. उरलेल्या दहा टक्क्यांत जुना डेटा आणणं, व्याज बरोबर निघणं, डे-एंड (दिवसअखेरीची हिशेब-बंदी) वेळेत संपणं, एटीएम आणि यूपीआयची जोडणी, पिग्मी एजंटांची (रोजची छोटी बचत गोळा करणाऱ्यांची) यंत्रं, ताळेबंद जुळणं, एवढं सगळं दडलेलं असतं. घराचं बांधकाम झालं, फक्त पाण्याची आणि विजेची जोडणी राहिली, असं म्हणण्यासारखंच.

म्हणून टक्के विचारणं बंद करा. त्याऐवजी म्हणा, ‘आमच्या एका शाखेचा गेल्या महिन्यातला एक पूर्ण दिवस नव्या प्रणालीवर करून दाखवा.’ त्या दिवसाची खरी व्हाउचर्स घ्या. सकाळची रोकड उघडण्यापासून रात्रीच्या डे-एंडपर्यंत सगळं तुमच्याच क्लार्कनी करायचं, व्हेंडरच्या पोरांनी नाही. संध्याकाळी दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवायचे. मला यातून एका दिवसात जेवढं कळतं तेवढं चार प्रगती अहवालांतून कळत नाही. काही ठिकाणी दोन्ही प्रणाली महिनाभर समांतर चालवा असं सांगतात. कागदावर ते छान वाटतं. प्रत्यक्षात कर्मचारी पहिले तीन दिवस दुहेरी नोंदी करतात, चौथ्या दिवसापासून नव्या प्रणालीत काहीतरी भरून मोकळे होतात. त्यांना दोष देता येत नाही, काउंटरसमोर रांग असते.

आता डेटा. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण मी पाहिलेले बहुतेक प्रकल्प इथेच अडकलेत.

डेटा आणणं हा व्हेंडरच्या कामाचा एक टप्पा नाही, तो स्वतंत्र प्रकल्प आहे आणि तो बँकेचा आहे. व्हेंडर फाइल चढवून देईल. त्या फाइलीत काय आहे ते त्याला कळणार नाही. तुमची प्रणाली किती जुनी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या काळापासून चालत आलेली असेल तर पुढच्या गोष्टी सापडतीलच. एकाच माणसाचे चार ग्राहक क्रमांक, कारण प्रत्येक शाखेने आपापला दिला. मराठी नावं श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात साठवलेली. त्या फाँटांत अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवली जायची, म्हणजे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या प्रमाण पद्धतीत, हा क्रम उलटा. रूपांतर नीट केलं नाही तर कुलकर्ण्यांचा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, आणि पासबुकात आपलं नाव चुकलेलं पाहिलं की खातेदाराला शिल्लकही चुकली असणार असंच वाटतं.

जन्मतारखांचीही एक गंमत आहे. कुठलाही डेटा तपासणारा माणूस एकाच तारखेचा ढीग दिसला की खोटी नोंद म्हणून खूण करतो. ०१/०१/१९०० बद्दल ते बरोबर आहे, ती रकाना मोकळा सोडल्याची खूण. पण १ जूनचा ढीग दिसला तर थांबा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेली ती तारीख आधार कार्डावर, पॅनवर, सगळीकडे तीच आहे. बाहेरगावच्या एका टीमने असे खातेदार ‘संशयास्पद’ ठरवून केवायसीच्या यादीत टाकले होते. ती यादी बघून शाखाधिकारी हसत सुटले, कारण त्यात ते स्वतःही होते.

याहून अवघड असतात ते कुठेच न लिहिलेले नियम. एका बँकेत मुदत ठेवींचं व्याज काही खात्यांना अर्धा टक्का जास्त पडत होतं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तसा नियम नव्हता. शोधता शोधता कळलं की पंधरा वर्षांपूर्वीच्या एका ठरावानुसार ठरावीक सभासदांना ही सवलत होती, आणि हिशेब विभागातल्या एक ताई दर तिमाहीला ती हाताने जमा करत होत्या. त्या पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. दुसऱ्या एका ठिकाणी बचत खात्याच्या व्याजाचा जुना हिशेब एका कोपऱ्यात जिवंत होता. १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिल्लकेवर द्यायचं आहे. त्याआधी ते महिन्याच्या १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिल्लकेवर निघायचं. एका खास योजनेच्या खात्यांना तो बदल कोणी लावलाच नव्हता.

असे नियम किती महाग पडू शकतात, याचं बँकेबाहेरचं एक उदाहरण देतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या आरोग्य खात्याने मार्च २०१० मध्ये सुमारे ७८,००० कर्मचाऱ्यांचा पगार नव्या प्रणालीवर नेला. भत्ते, पाळ्या, वेगवेगळे करार यांतून पगाराच्या हिशेबाचे २४,००० च्या आसपास प्रकार होत होते. ते नीट समजून न घेताच प्रणाली सुरू झाली. कोणाला जास्त पगार, कोणाला कमी, कोणाला काहीच नाही. पुढे २०१३ मध्ये चौकशी आयोग बसला आणि हे सगळं निस्तरण्याचा एकूण खर्च १.२ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात गेल्याचं समोर आलं. तुमच्या बँकेत २४,००० प्रकार नसतील. पण चाळीस-पन्नास नक्की असतील, आणि ते तीन-चार माणसांच्या डोक्यात असतील.

त्या माणसांची नावं आज लिहून काढा. प्रकल्पाची खरी अडचण त्यांचा वेळ ही आहे. व्हेंडर म्हणेल, ‘आम्ही आणखी सहा मुलं पाठवतो.’ सहा नवी मुलं म्हणजे त्याच ताईंना दिवसभर सहा जणांकडून तेच प्रश्न. मी मुलं नाकारतो आणि व्यवस्थापनाकडे एकच मागणी करतो: या तिघा-चौघांना रोजच्या कामातून निदान अर्धा दिवस मोकळं करा आणि त्यांच्या जागी शाखेतून माणूस द्या. हे मान्य होत नसेल तर प्रकल्पाला बँक किती महत्त्व देते ते तिथेच कळतं.

यानंतर रंगीत तालीम. इंग्रजीतून आलेला शब्द मॉक मायग्रेशन असा आहे, पण तालीम म्हटलं की संचालकांनाही लगेच कळतं. सगळ्या शाखांचा सगळा डेटा नव्या प्रणालीत चढवायचा आणि जुळवायचा. माझा नियम किमान तीन तालमींचा. पहिलीत सगळं फसतं, ते अपेक्षितच आहे. जुळवणी नुसत्या एकूण बेरजेवर करू नका. एकूण ठेवी जुळल्या म्हणजे खाती जुळली असं होत नाही, दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात. खात्यांची संख्या, प्रत्येक खात्याची शिल्लक, आजवर साठलेलं पण अजून न दिलेलं व्याज, कर्जाची थकबाकी किती दिवसांची, हे योजनेनुसार आणि शाखेनुसार जुळलं पाहिजे. थकबाकीचे दिवस विशेष बघा. ९० दिवसांच्या अलीकडे-पलीकडे खातं सरकलं की एनपीए (थकीत कर्जाचं वर्गीकरण) बदलतो, एनपीए बदलला की बुडीत कर्जासाठी बाजूला ठेवायची तरतूद बदलते, आणि मग लेखापरीक्षक तुम्हाला शोधत येतात.

प्रत्येक तालमीला घड्याळ लावा. डेटा काढायला किती तास, चढवायला किती, जुळवायला किती. २०१५ च्या सप्टेंबरपासून दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना सुट्टी आहे, म्हणजे शुक्रवारी रात्रीच्या डे-एंडपासून सोमवारी सकाळपर्यंत साधारण साठ तास हातात येतात. तालीम पन्नास तासांत झाली म्हणून खूश होऊ नका. काही बिघडलं तर जुन्या प्रणालीवर परतायलाही वेळ लागतो, तोही त्याच साठात बसायला हवा. परत फिरायची शेवटची वेळ कोणती, रविवारी दुपारी बारा की चार, हे आधी ठरवून लिहून ठेवा. रविवारी रात्री अकरा वाजता दमलेल्या माणसांनी तो निर्णय घेऊ नये.

आता तारखेकडे येतो. १ एप्रिल संचालकांना का आवडते ते मला समजतं: नवं वर्ष, नवी वही, सुरुवातीच्या शिलका स्वच्छ. हिशेबाच्या दृष्टीने ते सोयीचं आहेच. पण माणसांच्या दृष्टीने वर्षातला याहून वाईट आठवडा सापडणार नाही. वर्षअखेरीची वसुली, एनपीएचं वर्गीकरण, व्याजाच्या नोंदी, लेखापरीक्षण. ज्या तिघा-चौघांवर तुमची भिस्त आहे, तेच नेमके त्यात बुडालेले असतात. मला विचाराल तर जूनअखेरचं तिमाही व्याज जमा झाल्यानंतरचा जुलैतला दुसरा शनिवार बघा. अर्थात तालमीचे आकडे होकार देत असतील तरच.

तारखेवरून मागे मागे आखत आलेल्या योजनेचं काय होतं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण बँकेचंच आहे. ब्रिटनची टीएसबी बँक आधी लॉइड्स बँकेच्या प्रणालीवर चालत होती. २०१५ मध्ये स्पेनच्या सबादेल बँकेने ती विकत घेतली आणि ५२ लाख ग्राहकांना स्वतःच्या समूहाच्या प्रणालीवर न्यायचं ठरवलं. आधीची तारीख हुकली, नवी ठरली, आणि बहुतांश ग्राहक एकाच शनिवार-रविवारी, २० ते २२ एप्रिल २०१८ ला हलवले गेले. गंमत अशी की डेटा नीट गेला होता. कोसळली ती प्रणाली. जवळजवळ १९ लाख लोकांना आपली खाती ऑनलाइन दिसेनाशी झाली आणि कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. नंतरच्या स्वतंत्र चौकशीत निघालं की योजना शेवटच्या तारखेपासून उलटी आखली होती, आधीची तारीख का हुकली हे संचालक मंडळाने खोलात जाऊन विचारलं नव्हतं, आणि महत्त्वाच्या काही चाचण्या दोनपैकी एकाच डेटा सेंटरवर झाल्या होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी ४.८६५ कोटी पौंडांचा दंड केला. माहिती तंत्रज्ञान प्रमुखाला पुढच्या वर्षी वैयक्तिक दंड झाला, तो वेगळाच.

समन्वयक म्हणून तुमच्या कामाची गोष्ट यातली शेवटची, म्हणजे वैयक्तिक दंडाची आहे. नाव तुमचं असेल तर निर्णयाची नोंदही असू द्या.

एकदम सगळ्या शाखा न्याव्यात की आधी एक शाखा न्यावी? हे तुमच्या जुन्या प्रणालीवर अवलंबून आहे. प्रत्येक शाखेचा डेटा स्वतंत्र असेल तर एक मध्यम आकाराची शाखा आधी घ्या. मुख्य शाखा नको, आणि जिथे दिवसाला वीस व्हाउचर्स होतात तीही नको. पण जुनी प्रणालीही एकाच मध्यवर्ती सर्व्हरवर असेल, खातेदार कुठल्याही शाखेत पैसे काढत असतील, तर अर्ध्या शाखा इकडे आणि अर्ध्या तिकडे ठेवणं हीच डोकेदुखी होते. तशा वेळी मी सगळं एकदम नेतो, मात्र एक तालीम जास्त करून.

माझी स्वतःची एक चूकही सांगून टाकतो. एका बँकेत तिसरी तालीम अर्धवट झाली असताना मी होकार दिला. दबाव होता, आणि मला वाटलं, राहिलंय ते किरकोळ आहे. सोमवार शांततेत गेला. संध्याकाळी पिग्मी एजंट आले आणि त्यांच्या हातातल्या यंत्रांत जुनेच खाते क्रमांक होते. जुन्या-नव्या क्रमांकांची जुळणी त्या यंत्रांसाठी कोणी केलीच नव्हती. दिवसभराचं संकलन चढेना. रात्री एक वाजेपर्यंत टेबलावर नोटांच्या गड्ड्या आणि कागदावर नावं, असा सगळा कारभार. यादीत पिग्मी होती, तिच्यापुढे ‘व्हेंडरशी बोललो’ असं लिहिलेलं होतं. तेव्हापासून माझ्या यादीत ‘बोललो’ हा शेरा चालत नाही. ‘चालवून पाहिलं’ किंवा ‘नाही’, एवढंच.

आता तुमचा सगळ्यात नाजूक भाग: अध्यक्षांना कसं सांगायचं. अधिकार नसलेल्या माणसाने ‘जमणार नाही’ म्हटलं की तो अडथळा ठरतो. म्हणून नकार घेऊन जाऊ नका, एक पान घेऊन जा. त्यावर सुरू करण्याच्या अटी लिहा, सहा-सात पुरेत: तीन तालमी पूर्ण, शिलका आणि साठलेलं व्याज खात्यागणिक जुळलेलं, डे-एंड ठरलेल्या वेळेत, एटीएम आणि यूपीआयचे व्यवहार चालवून पाहिलेले, पिग्मीची यंत्रं चालवून पाहिलेली, प्रत्येक शाखेतले दोन जण शिकून तयार, परतीचा मार्ग तपासलेला. प्रत्येक अटीसमोर सही करणाऱ्याचं नाव. हिशेबाच्या अटीवर मुख्य लेखापालांची सही, तुमची नाही. खाली दोन पर्याय: एक, १ एप्रिल, आणि त्या दिवशी यातल्या कोणत्या अटी अपुऱ्या असतील ते. दोन, जुलै. निवड मंडळाने करायची आणि ती इतिवृत्तात नोंदवायची. अपुऱ्या अटींवर सही करायची वेळ आली की तारखेचा आग्रह बऱ्यापैकी मवाळ होतो, असा माझा अनुभव आहे. आणि अध्यक्षांना हळूच आठवण करून द्या की पुढची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हायची आहे. जुलैमध्ये झालेलं काम तिथे ‘पूर्ण झालं’ म्हणून सांगता येतं. त्यांच्या शब्दाची लाज राहील अशी वाट दिली तर ते तुमच्याच बाजूने बोलतील.

व्हेंडरवर जोर किती चालेल, ते पैसे किती दिले त्यावर आहे. बरंच बिल अजून बाकी असेल तर पुढचे हप्ते तालमीच्या निकालांना जोडून घ्या. ऐंशी टक्के देऊन बसला असाल तर करारातली कलमं दाखवून फारसं हाती लागत नाही. मग त्यांच्या वरिष्ठाला दर आठवड्याला तुमच्या शाखेत बसवणं, हाच एक उपाय मला लागू पडलेला दिसलाय. जुन्या व्हेंडरशी मात्र भांडू नका. त्याचा देखभाल करार नव्या तारखेपुढे निदान सहा महिने वाढवून घ्या. टेबलांची रचना त्यालाच माहीत असते, आणि जाता जाता रुसलेला माणूस फोन उचलत नाही.

संचालकांच्या ‘जुन्यात होता तसाच रिपोर्ट हवा’ या मागण्यांसाठी एकच चाळणी ठेवा: हे नसेल तर सोमवारी शाखा उघडता येणार नाही का? येत असेल तर ते तीन महिन्यांनंतरच्या यादीत. वाद घालत बसू नका, फक्त यादी बदला.

सुरू झाल्यानंतरचं फार लिहीत नाही. तक्रारी व्हॉट्सअॅप ग्रुपवर घेऊ नका, दुपारपर्यंत तीनशे मेसेजांत खरी तक्रार बुडून जाते. एक नोंदवही, प्रत्येक तक्रारीला क्रमांक. पहिली महिनाअखेर आणि पहिली तिमाही व्याजाची रात्र यांना प्रणाली सुरू होण्याच्या दिवसाइतकंच महत्त्व द्या. आणि पासबुक प्रिंटर आधी तपासा, प्रत्येक शाखेतला प्रत्येक. ओळ अर्धा सेंटिमीटर सरकली तरी काउंटरवर पहिला आरडाओरडा त्याचाच होतो.

या आठवड्यात एवढंच करा: एक शाखा निवडा, गेल्या महिन्यातला एक गर्दीचा दिवस निवडा, व्हाउचर्स काढून ठेवा आणि व्हेंडरला वेळ द्या. त्या संध्याकाळी किती खात्यांची शिल्लक जुळली नाही आणि डे-एंडला किती वेळ लागला, हे दोन आकडे इथे लिहा. पुढचं त्यावरून बोलू.